पाय ओले, छत कोरडं: जुन्या गाडीतली पावसाची गळती शोधणं आणि बंद करणं

पाऊस लागून पंधरा दिवस झाले की जुन्या गाडीत कुबट वास धरतो. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असतात, एसी लावल्याशिवाय समोरचं दिसत नाही. डावीकडे बसणाऱ्याच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तर वरवर सगळं कोरडं वाटतं. पण कार्पेटवर तळहात दाबून धरला की बोटांच्या फटींतून गार पाणी वर येतं. कार्पेटच्या खाली जाड नमद्याचा किंवा फोमचा थर असतो. तो चार-पाच लिटर पाणी सहज पिऊन बसतो आणि आठवडेच्या आठवडे वाळत नाही. त्याच्याखाली थेट पत्रा. जुन्या गाडीचा तळपत्रा बहुतेक वेळा असा आतून सडतो आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर आरटीओची तपासणी असते. तळाला भोकं पडलेली गाडी तिथे अडते आणि ते बरोबरच आहे.

अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सिलिकॉनची नळी आणून समोरच्या काचेच्या चारी कडांना फासणं. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाणी जिथे साचतं तिथून ते आलेलं नसतं. ते वायरच्या जुडग्यावरून, छताला धरणाऱ्या खांबाच्या आतून, पत्र्याच्या घडीतून दीड-दोन मीटर वाहत येतं आणि सगळ्यात खोल जागी थांबतं.

मुळात गाडी पाणी अडवत नाही, ती पाण्याला वाट काढून देते. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दारात शिरतं आणि ते शिरणारच असतं. खालच्या भोकांतून ते बाहेर पडावं अशी सोय असते. वायपरखालच्या जाळीतून पाणी आत जातं, तिथेही निचऱ्याची वाट असते. कौलारू घराच्या पन्हळीत पाला अडकला की पाणी भिंतीत उतरतं, तसंच गाडीचं. म्हणून आधी तुंबलेल्या वाटा मोकळ्या करा. भोकं बुजवणं नंतर. बऱ्याच गाड्यांचं काम पहिल्या टप्प्यातच संपतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी खात्री: पाणी पावसाचंच आहे का?

एसीचं पाणी आणि पावसाचं पाणी यांत नेहमी गल्लत होते. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. पाऊस नसतानाही, अर्धा-पाऊण तास एसी चालला की डावीकडच्या पायापाशी येतं. एसी चालू ठेवून गाडी सावलीत उभी करा. पंधरा-वीस मिनिटांत खाली थेंब पडायला हवेत. थेंब पडत नसतील तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, खाली बाहेर आलेली असते. तिच्या तोंडाशी मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी घालून हळू फिरवा, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. कडक तार जोरात घुसवू नका, आत एसीची कॉइल असते आणि ती फुटली तर खर्च वेगळाच.

पाण्याला हिरवा किंवा लालसर रंग, गोडूस वास आणि बोटाला चिकटपणा असेल, काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून किंवा त्याच्या नळ्यांमधून ते येतं. त्याला पावसाशी देणंघेणं नाही. गाडी गरम होऊन बंद पडायच्या आत मेकॅनिक गाठा.

तिसरी शक्यता खालून आलेल्या पाण्याची. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर कार्पेटखाली बारीक गाळाचा थर बसलेला दिसतो. पावसाच्या गळतीत असा सपाट गाळ नसतो. वाहत आलेल्या पाण्याची एखादी मळकी रेघ असते, आणि ती रेघ फार मोलाची असते.

उघडणं आणि वाळवणं

गाडी आतून ओली असताना गळती शोधता येत नाही. म्हणून पहिला दिवस वाळवण्याचा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीटखाली पिवळ्या रंगाचे वायरचे जोड असतील तर ते एअरबॅगचे किंवा बेल्टचे असतात. तार काढल्यावर दहा मिनिटं थांबूनच त्यांना हात लावा, आणि ते जोड सुटे असताना इग्निशन चालू करू नका. पुढची सीट बहुतेक गाड्यांत चार बोल्टवर असते, १४ चा गोटी पाना बहुधा पुरतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढली की सुटते. पायाजवळच्या बाजूच्या प्लॅस्टिकलाही एखाद-दुसरी क्लिप असते. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आठ-दहा क्लिपा आधीच आणून ठेवा. त्या सुट्या मिळतात आणि स्वस्त असतात.

कार्पेट कडेने उचलून खाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा ठेवा. नमदा पिळा, निघत असेल तर बाहेर काढा. ऊन असेल तर उत्तमच. कोकणात जुलैमध्ये ऊन कुठलं. तिथे घरातला टेबलफॅन कार्पेटच्या खालच्या पोकळीत वारा जाईल असा लावून दोन दिवस चालू ठेवा. नमद्याला काळी बुरशी धरली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, तेवढा तुकडा फेकून नवा घाला. वास त्यातच राहतो.

पत्रा उघडा झाला की टॉर्च आडवी धरून बघा. मळकी रेघ कुठून उतरली आहे? पुढच्या पत्र्यावरून, बाजूच्या खांबाच्या पायथ्यापासून, की दाराच्या उंबऱ्यावरून? या एका नजरेने निम्मं काम होतं.

पाणी मारून बघण्याची रीत

दोन माणसं लागतात. एक बाहेर पाइप घेऊन, दुसरा आत टॉर्च घेऊन. पाइपला नोझल लावू नका आणि सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप तर नकोच. त्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. पाण्याची नुसती धार हवी, पागोळी पडावी तशी.

सुरुवात खालून करा आणि वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं आणि नक्की कुठून आत आलं ते कळत नाही. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची खालची कड, आरशाचा कोपरा, मग वायपरखालची जाळी, समोरच्या काचेचे खालचे कोपरे, बाजू, वरची कड आणि शेवटी छत. प्रत्येक जागेवर निदान पाच मिनिटं धार धरा आणि मग दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आतल्या वाटेने पाणी यायला वेळ लागतो. घाई केलीत तर दाराच्या गळतीचं खापर काचेवर फुटेल.

आतल्या माणसाने पत्र्यावर, खांबाच्या पायथ्याशी आणि उंबऱ्याच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरावी. पाण्याचा पहिला थेंब पावडरीत स्वच्छ रेघ पाडतो आणि ती रेघ उलटी चढत गेलं की उगम सापडतो. पावडर धरत नाही अशा उभ्या जागी टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. डॅशबोर्डच्या खाली उताणं पडून वर बघताना एक गोष्ट नीट बघा: वायरच्या काळ्या जुडग्यावरून पाणी सरकत येतं आणि जुडगा जिथे खाली झुकलेला असतो तिथे थेंब लोंबतो. तो थेंब फ्यूज बॉक्सच्या वर लोंबत असेल तर काम त्याच दिवशी करा.

डिकी तपासायची तर मागची सीट पाडून मोठ्या माणसाने आत बसावं, म्हणजे बाहेर यायची वाट राहते. लहान मुलाला आत बसवू नका.

पाइपने काहीच सापडलं नाही तर साबणाचा प्रयोग करा. ब्लोअर चालवायचा आहे, म्हणून आधी सीटखालचे पिवळे जोड लावा आणि मगच बॅटरीची तार. सगळ्या काचा बंद, ब्लोअर पूर्ण जोरात, आणि आतलीच हवा फिरवण्याऐवजी बाहेरची हवा घेण्याचा खटका चालू. केबिनमध्ये हवेचा दाब तयार होतो. मागच्या बंपरच्या आड बाजूच्या पत्र्यात हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात, त्या आतून चिकटपट्टीने तात्पुरत्या बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. मग बाहेरून साबणाचं पाणी फवारा. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे धरतात आणि जिथून हवा जाते तिथून पाणी येऊ शकतं. काचेच्या कडेची केसाएवढी फट याच प्रयोगात सापडते.

गाडी उभी असताना थेंब नाही आणि हायवेवर गेलं की पाय ओले, असं होत असेल तर संशय चाकाच्या कमानीवर घ्या. टायर पाणी जोरात वर उडवतो, आणि कमानीच्या आतलं प्लॅस्टिक तुटलं असेल तर ते थेट पत्र्याच्या सांध्यावर बसतं. कमानीत आतून पाइप धरून हीच चाचणी करा.

वायपरखालची जाळी

पुढच्या बाजूला ओल असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. गुलमोहर, चिंच, शिरीष ही झाडं सावली देतात, पण त्यांची पानं इतकी बारीक असतात की जाळीतून सरळ आत पडतात. मे महिन्यात गुलमोहर फुलतो, पाकळ्या आणि पानं आत साठतात, त्यात धूळ मिसळते, आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होऊन निचऱ्याचं भोक बंद. मग पोकळीत पाणी चढत जातं. ब्लोअरला हवा जाते त्या तोंडाला दोन-तीन बोटं उंचीची कड असते. ती ओलांडली की पाणी ब्लोअरमधून डावीकडच्या पायावर येतं. पुष्कळदा ब्लोअरची मोटरही याच पाण्याने जाते.

वायपर काचेवर जिथे थांबतात तिथे कागदी चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे परत बसवताना कोन चुकत नाही. वायपरचे नट काढा, दांडी डावी-उजवी हलवून सोडवा, बोनेटच्या मागची जाळी क्लिपा काढून उचला. पाला हाताने काढा, पाइपने आत ढकलू नका. मग दोन लिटर पाणी ओता आणि चाकांच्या मागे खाली बघा. दोन्ही बाजूंना पाणी लगेच पडायला हवं. एका बाजूला पडत नसेल तर त्या बाजूच्या भोकात जाड नायलॉनची दोरी किंवा केबल टाय घालून मोकळं करा. काही गाड्यांत निचऱ्याच्या तोंडाला रबराची चपटी नळी असते. तिची ओठासारखी फट मातीने चिकटते, ती चिमटीत दाबली की मोकळी होते.

पाणी नीट निचरतंय तरी आत येतंय, असं असेल तर पोकळीतल्या पत्र्याच्या सांध्यांवरचा फट बुजवणारा मसाला तडकला आहे. तडकलेला भाग खरवडून, तारेच्या ब्रशने साफ करून, गंज असेल तर प्रायमर मारून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे वाळल्यावरही लवचीक राहणारा मसाला, बोटाने दाबून भरा.

दाराच्या आतलं प्लॅस्टिक

मागच्या सीटच्या पायाशी किंवा दाराच्या उंबऱ्यालगत ओल असेल तर नव्वद टक्के वेळ दारावर घालवा. दाराच्या कव्हरमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. बघायला तो पॅकिंगचा वाटतो, आणि म्हणूनच काच-मोटर किंवा स्पीकर बसवणारे तो फाडून टाकतात. दारातलं पाणी केबिनमध्ये येऊ न देणारा तोच एक पडदा आहे.

कव्हर काढायला हँडलच्या वाटीतला स्क्रू, हात टेकायच्या जागेतले एक-दोन स्क्रू, आणि मग कडेच्या क्लिपा. हाताने काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे तारेची क्लिप असते. सुती फडक्याची कड हँडल आणि कव्हरच्या मधे घालून करवतीसारखी पुढेमागे ओढा, क्लिप उडून बाहेर येते. दुसरा हात आडवा धरा, नाहीतर ती शोधण्यात तास जातो.

जुना कागद काळ्या चिकट ब्युटिलने, म्हणजे मऊच राहणाऱ्या रबरी मसाल्याने, लावलेला असतो. तो चांगला असेल, नुसता खालून सुटला असेल, तर नवं ब्युटिल लावून चिकटवला तरी पुरतं. फाटला असेल तर नवा कापा: २०० मायक्रॉन जाडीचं प्लॅस्टिक, जुन्याच्या मापाने, खाली दोन इंच जास्त ठेवून. जुनं ब्युटिल काढायची सोपी युक्ती म्हणजे ब्युटिलचाच गोळा करून त्याने टिपत जाणं. उरलेले डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातात. पत्रा पूर्ण कोरडा आणि हाताला तेलकट न लागणारा हवा. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची ब्युटिलची दोरी एका सलग रेषेत लावा, सांधा आलाच तर वरच्या बाजूला घ्या. हेअर ड्रायरने किंचित गरम करून अंगठ्याने दाबत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागदाची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडलेली असावी लागते. म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात पडतं आणि भोकातून बाहेर जातं. ती कड बाहेरच राहिली तर तुम्ही कितीही नीट चिकटवा, पाणी कव्हरच्या मागून उंबऱ्यावर येणार. स्पीकर बाहेरच्या कंपनीचा असेल तर त्याच्या मागे, वरच्या बाजूला, प्लॅस्टिकचं छोटं छप्पर करा. स्पीकरचा कागद भिजला की पाणी त्यातूनही येतं.

दाराच्या तळाला दोन-तीन चिरा किंवा भोकं असतात. ब्रेक मारल्यावर दारात पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर ती बंद आहेत. केबल टायने मोकळी करा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर रंग निघतो आणि तिथेच गंज सुरू होतो. कव्हर परत लावायच्या आधी काचेवर बाहेरून लिटरभर पाणी ओता आणि आतून बघा.

दाराचं रबर

कागदाची पट्टी रबर आणि दार यांच्या मधे धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडखळत निघायला हवी. सहज निघाली तर तिथे रबर दबलं आहे. दर वीतभर अंतरावर असं करत सगळी चौकट फिरा. रबर बदलायच्या आधी दार मात्र तपासा: दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. खडखडत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे, दार लोंबतं आहे, आणि नवं रबर घालूनही वरचा कोपरा गळेलच. बिजागरी ठीक असेल तर चौकटीवरचा कुलपाचा स्ट्रायकर (कुलूप ज्यात अडकतं ती कडी) किंचित ढिला करून मिलिमीटरभर आत सरकवला की पुरेसा दाब येतो. हललेली जागा कळावी म्हणून आधी भोवती पेन्सिलने रेघ मारा.

नवं रबर जुन्याचा तुकडा नेऊनच घ्या, आडवा छेद जुळला पाहिजे. सांधा वर नको, उंबऱ्याच्या मधोमध हवा. आणि रबर ताणू नका, कोपऱ्यांत उलट थोडं सैल दाबून बसवा. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि सांध्याला बोटभर फट पडते. चांगल्या रबराला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस नको. त्याने रबर फुगून पिचपिचीत होतं.

समोरची काच

मारुती ८००, ओम्नी, ॲम्बेसेडर, पद्मिनी यांची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असते. नंतरच्या बहुतेक गाड्यांत ती पत्र्याला पीयूने चिकटवलेली असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

रबराच्या चौकटीत पाणी दोन वाटांनी येतं: काच आणि रबर यांच्यामधून किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधून. रबर अजून मऊ असेल तर प्लॅस्टिकच्या चमच्याच्या दांड्याने त्याचा ओठ उचला, आतली माती हवेने उडवा, कोरडं करा आणि कडक न होणारा काच-सीलंट बारीक तोंडाने आत भरा. आधी रबर आणि पत्रा यांच्या मधे, मग काचेच्या बाजूने. रबराला नखाने भेगा दिसत असतील तर ते बदलणंच योग्य. त्यासाठी काच काढावी लागते, आणि काढल्यावर खालच्या कोपऱ्यांत पत्र्याला गंज सापडण्याची तयारी ठेवा. तो साफ करून प्रायमर आणि रंग झाल्याशिवाय नवं रबर घालू नका.

चिकटवलेली काच गळत असेल तर पहिला प्रश्न: काच कधी बदलली होती का? बदललेली असेल तर बहुधा जुना मसाला नीट कापलेला नसतो किंवा प्रायमर लावलेला नसतो. वरून फासलेला सीलंट एखादा पावसाळा काढतो. खरा उपाय काच काढून पुन्हा चिकटवणं, आणि ते काम अनुभवी काचवाल्याचंच. तुम्ही एवढंच बघा की पत्र्यावरचा गंज काढून प्रायमर लावला जातो, आणि मसाला पकडेपर्यंत एक काच दोन बोटं खाली ठेवली आहे. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेच्या धक्क्याने ताजी काच सुटते.

छत, मागची बाजू आणि तळाची बुचं

छताच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या उचलून बघा. खाली पत्र्याचा सांधा असतो आणि त्यावरचा मसाला उन्हाने तडकतो. तिथून आलेलं पाणी पुढच्या खांबातून उतरून पायाशी निघतं, छताच्या कापडाला डागही पडत नाही. अँटेनाच्या बुडाचं रबर आणि वरच्या कॅरिअरचे बोल्ट हेही नेहमीचे चोर आहेत. सनरूफ असेल तर चारी कोपऱ्यांच्या नळ्यांत कपभर पाणी ओतून बघा. तुंबली असेल तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉन दोरी घाला, कॉम्प्रेसरची हवा नको, नळी आतल्या आत निखळते.

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागचे दिवे काढा. त्यांच्या मागचा स्पंज चपटा झालेला असतो. तो खरवडून ब्युटिलची दोरी लावा आणि नट बेताने आवळा, दिव्याचे प्लॅस्टिकचे खुंटे लगेच तुटतात. मागच्या दारात जाणाऱ्या वायरींचं रबरी तोंडही बघा.

तळपत्र्यात रबराची बुचं असतात, ती हाताने दाबून पाहा. सैल झालं असेल तर नवं घाला, कडेला पीयू लावून. पाणी जावं म्हणून बूच काढून ठेवू नका, त्याच भोकातून पुढच्या डबक्याचं पाणी आत येतं. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातून वायरी जातात तिथेही ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्या असतात. हॉर्न, फॉगलॅम्प, ॲम्प्लिफायर बसवताना ग्रोमेट बाजूला सारून किंवा नवं भोक पाडून वायर घातलेली असते. त्या भोकाला ग्रोमेट घाला, आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, वायरीवरून आत येत नाही.

कुठे काय लावायचं

पत्र्याचे सांधे आणि चिकटवलेली काच: पीयू सीलंट. तो हवेतल्या ओलाव्यानेच पकडतो, म्हणून पावसाळी हवेत चालतो. पत्रा मात्र ओला चालत नाही. २४ तासांत साधारण ३ मिलिमीटर जाडी पकडते. काढून परत लावायच्या जागा, म्हणजे दिवे आणि दाराचा कागद: ब्युटिल. बाथरूमचं व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नका. त्यातलं आम्ल पत्र्याला गंज चढवतं, आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर रंग किंवा दुसरा सीलंट धरत नाही. एम-सील दगडासारखं होतं. पत्रा हलला की कडेने तडकतं.

गंजलेल्या तळपत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. टणक आवाज आला तर तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं, त्याला थोपवणारं रसायन), तो काळा पडून वाळला की इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि रंग. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. सीटचे बोल्ट, बेल्टचा नट आणि उंबरा यांच्या आसपास फायबर किंवा लांबी भरून भागवू देऊ नका. अपघातात त्याच जागांवर माणसाचा भार येतो. एअरबॅगचा दिवा जळत राहिला किंवा तिचा कंट्रोलचा डबा भिजला असेल तर तपासून घेतल्याशिवाय गाडी वापरू नका.

घराची शाकारणी मे महिन्यात होते तशी ही कामंही तेव्हाच करावीत, ब्युटिलही कोरड्या पत्र्यावर चांगलं धरतं. पावसाळ्यात झाडाखाली गाडी लावत असाल तर दर पंधरवड्याला जाळीतला पाला काढा.

काम झालं की सीट बसवा, बोल्ट पक्के आवळा, पण कार्पेटच्या कडेच्या क्लिपा लगेच लावू नका. पाइपने तीच चाचणी सलग पंधरा मिनिटं करा. मग कार्पेटखाली चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राचे कागद पसरा, प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहा, आणि दोन चांगले जोरदार पाऊस जाऊ द्या. भिजलेला कागद वाळला तरी सुरकुतलेलाच राहतो आणि त्यावर पाण्याची पिवळट कड राहते, तेव्हा थेंबभर पाणी आलं असेल तरी कळतं. कड दिसली तर त्याच कोपऱ्यापासून पाइप पुन्हा धरा. चारही कागद सपाट आणि कुरकुरीत निघाले की क्लिपा बसवा.